मुलींचा स्पर्धात्मक बास्केटबॉल संघ उभारताना : एका जिल्ह्याच्या शहरातील प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातील एका जिल्ह्याच्या शहरातले आहे. संबंधित व्यक्ती, शाळा आणि मंडळ यांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. निर्णयांचा क्रम मात्र घडला तसाच ठेवला आहे.

शहरात नगरपालिकेच्या मैदानावर सिमेंटचे एक बास्केटबॉल कोर्ट होते. एका उन्हाळी सुट्टीत तेथे शाळकरी मुलींसाठी शिबिर घेतले गेले. शिबिर संपल्यावर मुली पांगतील असे सर्वांनी गृहीत धरले होते, परंतु जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावरही दहा ते तेरा वयाच्या तीसएक मुली आठवड्यातून तीन संध्याकाळी येत राहिल्या. शिबिर घेणाऱ्या प्रशिक्षिका स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळलेल्या होत्या आणि शहरातल्याच एका अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षिका होत्या. मुली त्यांना ताई म्हणत, म्हणून या लेखातही त्यांचा उल्लेख तसाच केला आहे.

बास्केटबॉल हा कबड्डी किंवा खो-खोप्रमाणे महाराष्ट्रात गावोगाव पोचलेला खेळ नाही. त्याला २८ मीटर लांब आणि १५ मीटर रुंद पक्के कोर्ट लागते, बोर्ड आणि रिंग लागते, आणि पावसाळ्यात उघड्या कोर्टावर शेवाळ धरले की खेळ थांबतो. तरीही जिथे एखाद्या वस्तीला एक बरे कोर्ट आणि तिथे रोज येणारे एक जाणते माणूस लाभले, तिथे हा खेळ रुजलेला दिसतो. मुंबईतल्या नागपाड्याने भारतीय संघाला दिलेले खेळाडू हे त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. अर्जुन पुरस्काराचे मानकरी अब्बास मुंतसिर त्याच परिसरातले. ताईंच्या मनातही हेच चित्र होते. एखादी मोठी अकादमी काढण्यापेक्षा या एका कोर्टाभोवती खेळणाऱ्या मुलींची फळी उभी राहावी, अशी त्यांची इच्छा होती.

प्रश्न कसा उभा राहिला

त्या वर्षीची जिल्हास्तरीय शालेय स्पर्धा याच शहरात झाली आणि सरावाला येणाऱ्या मुलींनी ती कोर्टाच्या कडेला बसून पाहिली. त्यानंतर सात-आठ मुलींच्या पालकांनी ताईंकडे मागणी केली की, आपल्याही मुलींचा संघ करावा आणि तो स्पर्धांना न्यावा. मागणी साधी वाटत होती, पण तिच्या पोटात तीन वेगवेगळे प्रश्न होते.

पहिला प्रश्न कोणत्या स्पर्धेचा. महाराष्ट्रात या वयाच्या मुलींना खेळण्याच्या वाटा दोन आहेत आणि त्या एकमेकींत मिसळत नाहीत. राज्याच्या क्रीडा विभागातर्फे होणाऱ्या शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात आणि जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी वर जातात. तेथे मुलगी ज्या शाळेत शिकते त्याच शाळेकडून तिला खेळावे लागते. दुसरी वाट बास्केटबॉल संघटनेची. जिल्हा संघटना निवड चाचणी घेते, जिल्ह्याचा संघ राज्य अजिंक्यपद स्पर्धेत उतरतो आणि तेथून राज्याचा संघ भारतीय बास्केटबॉल महासंघाच्या राष्ट्रीय स्पर्धेसाठी निवडला जातो. या दोहोंपैकी एकाही वाटेवर मैदानावरचा क्लब म्हणून संघाला थेट प्रवेश नाही. क्लबला क्लब म्हणून खेळता येते ते निमंत्रित स्पर्धांत. ताईंकडे येणाऱ्या मुली तीन शाळांतल्या होत्या, त्यामुळे संध्याकाळी एकत्र सराव करणारा संघ शालेय स्पर्धेच्या दिवशी तीन तुकड्यांत विभागला जाणार होता.

दुसरा प्रश्न निवडीचा. सामन्याच्या स्कोअरशीटवर बारा नावे बसतात आणि सरावाला तीस मुली येत होत्या. तिसरा प्रश्न त्या वेळी कोणी उच्चारलाही नाही, पण पुढे सर्वांत जास्त ताण त्यानेच निर्माण केला: बारा जणींत नाव आले, तरी प्रत्यक्ष कोर्टावर किती वेळ मिळणार?

शाळेचा प्रस्ताव आणि समोरचे पर्याय

संघटनात्मक बाजू त्या मानाने लवकर सुटली. स्वतंत्र संस्था नोंदवायची तर किमान सात सदस्य, घटना, धर्मादाय कार्यालयातील नोंदणी आणि दरवर्षीचे हिशोब असा व्याप होता. त्याऐवजी शहरातल्या एका जुन्या, नोंदणीकृत क्रीडा मंडळाचा विभाग म्हणून काम सुरू करायचे ठरले. मंडळाच्या कार्यकारिणीत एकही स्त्री नव्हती, म्हणून बास्केटबॉलसाठी उपसमिती नेमून तीत दोन खेळाडूंच्या आयांना घ्यावे अशी अट ताईंनी घातली आणि मंडळाने ती मान्य केली. पुढे बाहेरगावच्या स्पर्धांच्या वेळी ही अट किती मोलाची होती ते सर्वांना कळले.

खरा पेच शाळेचा होता. ताई ज्या शाळेत नोकरी करत होत्या त्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी प्रस्ताव मांडला की, चांगल्या खेळणाऱ्या सर्व मुलींनी जूनमध्ये याच शाळेत प्रवेश घ्यावा. शाळा त्यांचा खर्च उचलेल, सरावासाठी लवकर सोडेल, गणवेश देईल. हा प्रस्ताव सरळसरळ फायद्याचा होता. असा संघ जिल्ह्यात १४ वर्षांखालील गटात पहिल्या दोनांत सहज आला असता, आणि चार मुलींचे पालक दाखला काढायला तयारही झाले होते. पुढे दहावीच्या परीक्षेत क्रीडा सवलतीचे गुण मिळण्यासाठी अधिकृत स्पर्धांतील कामगिरीची नोंद लागते, हा मुद्दाही पालकांच्या बोलण्यात वारंवार येत होता.

दुसरा पर्याय शालेय स्पर्धांकडे पाठ फिरवून केवळ निमंत्रित स्पर्धा आणि संघटनेच्या निवड चाचण्या यांवर लक्ष देण्याचा होता. तिसरा पर्याय असा की, ज्या तीन शाळांतल्या मुली येतात त्या प्रत्येक शाळेला स्वतःचा संघ उतरवायला मदत करावी, म्हणजे संध्याकाळी एकत्र खेळणाऱ्या मुली स्पर्धेत समोरासमोर येतील.

ताईंनी तिसरा पर्याय निवडला, आणि या प्रकरणातला सर्वांत महत्त्वाचा निर्णय हाच आहे असे मला वाटते. त्यांनी उपसमितीपुढे मांडलेली कारणे नोंदवण्यासारखी आहेत. सातवीतल्या मुलीची शाळा बदलणे म्हणजे तिच्या मैत्रिणी, तिचे शिक्षक, तिचा जाण्यायेण्याचा रस्ता आणि एका मुलीच्या बाबतीत तर शिकण्याचे माध्यमही बदलणे होते. खेळातला रस वर्षभराने ओसरला किंवा दुखापत झाली, तर तिने बदललेल्या शाळेचे काय करायचे, याचे उत्तर कोणाकडेच नव्हते. शिवाय मैदानावरचा सराव एकदा एका शाळेचा सराव झाला असता, तर उरलेल्या शाळांनी नव्या मुली पाठवणे बंद केले असते. यापलीकडे ताईंची स्वतःची अडचण होती: शिबिरात घडवलेल्या मुली आपल्या नोकरीच्या शाळेत ओढल्या, असा ठपका त्यांच्यावर आला असता आणि तो खोडून काढणे अवघड गेले असते.

या निर्णयाची किंमत लगेच मोजावी लागली. ताईंची शाळा आणि दुसरी एक शाळा यांचे संघ उभे राहिले. तिसऱ्या शाळेत मात्र खेळणाऱ्या मुली दोनच होत्या आणि त्या शाळेने संघ उतरवण्यास नकार दिला. त्या दोघींपैकी एक तर संपूर्ण गटात सर्वांत चांगली पासिंग करणारी होती. त्या वर्षी तिला शालेय स्पर्धा खेळता आली नाही. तत्त्व बरोबर असले तरी त्याचा भार दोन बारा वर्षांच्या मुलींवर पडला.

निवड कशी झाली

निवडीच्या बाबतीतही उपसमितीत मतभेद होते. काही पालकांचे म्हणणे होते की, एका रविवारी चाचणी घ्यावी, बारा जणी निवडाव्यात आणि बाकीच्यांनी छंद म्हणून खेळावे. ताईंनी ते मानले नाही. अखेर सरावाच्या सहा दिवसांत विभागलेली निवड ठरली आणि त्यातून बाराऐवजी अठरा जणींचा स्पर्धा गट करण्यात आला. प्रत्येक स्पर्धेसाठी या अठरा जणींतून बारा जणी नव्याने निवडायच्या आणि राहिलेल्या सर्व मुलींचा पायाभूत गट त्याच कोर्टावर, त्याच ताईंकडे चालू ठेवायचा, अशी ही रचना होती.

निकष चार होते: उपस्थिती, दोन्ही हातांनी ड्रिब्लिंग (चेंडूला टप्पे देत पुढे नेणे) आणि ले-अप (धावत जाऊन रिंगजवळून चेंडू टाकणे), बचाव करताना पायांची हालचाल, आणि चेंडू हातून गेल्यावर पुढच्या क्षणी मुलगी काय करते. उंची निकषांत धरली नाही, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. बास्केटबॉलची रिंग ३.०५ मीटर उंचीवर असते आणि उंचीचा फायदा उघड आहे. परंतु मुलींच्या वाढीचा सर्वांत वेगवान टप्पा बहुधा अकरा-बारा वर्षांच्या आसपास येतो आणि प्रत्येकीचा एकाच वेळी येत नाही. बाराव्या वर्षी सर्वांत उंच दिसणारी मुलगी अनेकदा केवळ लवकर वाढलेली असते. सोळाव्या वर्षी तीच सर्वांत उंच असेल असे सांगता येत नाही. तिला फक्त रिंगखाली उभे करून ठेवले, तर ड्रिब्लिंग आणि बाहेरून नेम धरण्याची तिची शिकण्याची वर्षे निघून जातात. ताईंनी सर्वांना सर्व जागांवर खेळवण्याचा आग्रह धरला, तो याच कारणाने.

मूल्यमापनासाठी ताईंव्यतिरिक्त दोघांना बोलावले गेले: एक जुन्या खेळाडू आणि दुसऱ्या शाळेतील एक क्रीडाशिक्षक. दोघांचाही कोणत्याच मुलीशी नात्याचा संबंध नव्हता. यादी फलकावर लावली नाही किंवा पालकांच्या व्हॉट्सॲप गटावरही टाकली नाही. प्रत्येक मुलीला आणि तिच्या पालकांना पाच-सात मिनिटे वेगळे बसवून निर्णय आणि त्याचे कारण सांगितले गेले. यात दोन संध्याकाळी गेल्या. पायाभूत गटात राहिलेल्या मुलींपैकी बहुतेक जणी दुसऱ्या दिवशी सरावाला हजर होत्या, आणि याचे श्रेय त्या दोन संध्याकाळींना द्यायला हवे.

वयाचे पुरावेही याच वेळी तपासले. जन्मदाखला आणि शाळेतील नोंद यांत तफावत असलेल्या एका मुलीचे नाव, दाखला दुरुस्त होईपर्यंत, कोणत्याही स्पर्धेसाठी पाठवायचे नाही असे ठरले. वयचोरीमुळे संपूर्ण संघ बाद होऊ शकतो, आणि त्याहून वाईट म्हणजे एखाद्या लहान मुलीला आपल्यापेक्षा दोन वर्षांनी मोठ्या मुलीविरुद्ध खेळावे लागते.

तयारी

साधनांबाबत थोडक्यात. मैदानावर होते ते चेंडू महाविद्यालयीन मुलांचे, म्हणजे सात क्रमांकाचे. मुली आणि महिलांसाठी सहा क्रमांकाचा आणि बारा वर्षांखालील मुलांसाठी पाच क्रमांकाचा चेंडू वापरतात, म्हणून पहिला खर्च चेंडूंवर केला. लहान मुलींच्या मिनी बास्केटबॉलसाठी रिंग २.६० मीटरवर असावी लागते. एका फॅब्रिकेशनवाल्याकडून तशा दोन रिंग करून मैदानाच्या भिंतीवर बसवल्या. हाताने ढकलून, कमरेतून झोका देऊन चेंडू वर फेकण्याची सवय ज्या मुलींना लागली होती, ती या रिंगांमुळे काही महिन्यांत सुटली. पावसाळ्यात ब्लीचिंग पावडर टाकून कोर्ट घासले जाई आणि ते वाळले नाही, तर सराव शाळेच्या व्हरांड्यात होई.

सराव शुल्क आणि स्पर्धांचा खर्च वेगळे ठेवले. ज्यांना झेपणार नाही त्यांचा स्पर्धा खर्च मंडळाच्या निधीतून देण्याचे ठरले आणि कोणाचा दिला हे उपसमितीतील दोघींखेरीज कोणाला कळणार नाही अशी व्यवस्था केली.

सुरक्षिततेची नियमावली लेखी होती. बाहेरगावी प्रत्येक मुक्कामात किमान दोन स्त्रिया सोबत हव्यात. सहायक प्रशिक्षक पुरुष असल्याने त्यांनी कोणत्याही मुलीला एकटीला संदेश पाठवायचा नाही किंवा एकटीला गाडीतून न्यायचे नाही. मुक्कामाच्या ठिकाणी स्वच्छतागृह आणि कपडे बदलण्याची खोली आधी जाऊन पाहायची. मुलांच्या लैंगिक शोषणाविरुद्धचा पोक्सो कायदा २०१२ पासून लागू आहे, तरी अशा लेखी नियमावलीशिवाय चालणारे सराव गट आजही दिसतात. कोणताही संघ सुरू करताना चेंडू विकत घेण्याआधी हे काम व्हावे, असे माझे ठाम मत आहे.

पहिला हंगाम आणि कसोटीचा क्षण

पहिल्या निमंत्रित स्पर्धेत संघ दोन्ही सामने मोठ्या फरकाने हरला. प्रतिस्पर्धी संघांनी झोन बचाव, म्हणजे एकेका खेळाडूऐवजी कोर्टाचा ठराविक भाग राखणारा बचाव, लावला होता. पाचही जणी रिंगभोवती दाटीने उभ्या राहिल्या आणि बारा-तेरा वर्षांच्या मुलींना लांबून नेम साधत नसल्याने आत शिरण्याची वाटच उरली नाही. परतीच्या प्रवासात पालकांनी विचारले की, आपणही झोन का लावत नाही. ताईंचे उत्तर होते की, या वयात प्रत्येक मुलीने आपल्या समोरच्या खेळाडूला स्वतः रोखायला शिकले पाहिजे. झोन बचाव चार आठवड्यांत शिकवता येतो, पण एकास एक बचावाची पायांची सवय लहानपणी लागली नाही, तर पुढे लावणे जड जाते. अनेक देशांत या वयोगटासाठी झोन बचावावर बंदीच आहे. पालक गप्प बसले, पण पटले असे नव्हे.

दुसऱ्या स्पर्धेत खरी कसोटी लागली. उपसमितीने नियम केला होता की, साखळी सामन्यांत बाराही मुलींना पूर्वार्धात कोर्टावर उतरवायचे आणि शेवटच्या क्वार्टरमध्ये, म्हणजे सामन्याच्या चौथ्या भागात, कोणाला खेळवायचे ते प्रशिक्षिकेने ठरवायचे. बाद फेरीत मात्र संपूर्ण मोकळीक. साखळीतल्या निर्णायक सामन्यात संघ पहिल्या क्वार्टरमध्ये आघाडीवर होता. दुसऱ्या क्वार्टरमध्ये नियमाप्रमाणे राखीव मुली उतरल्या, आघाडी गेली आणि सामना अखेर तीन गुणांनी हातून निसटला. संघ बाद फेरीत पोचला नाही.

सर्वाधिक गुण करणाऱ्या मुलीच्या वडिलांनी कोर्टाच्या कडेलाच आवाज चढवला आणि पुढच्या आठवड्यात मुलीला सरावाला पाठवणे बंद केले. त्यांची तक्रार अगदीच निराधार नव्हती. स्पर्धात्मक संघ म्हणून पैसे आणि वेळ दिला, तर जिंकण्याचा प्रयत्न व्हावा, ही अपेक्षा चुकीची म्हणता येणार नाही. दुसरीकडे, त्या क्वार्टरमध्ये खेळलेल्या एका मुलीची आई उपसमितीपुढे म्हणाली की, तिच्या मुलीने त्या दिवशी आयुष्यात पहिल्यांदा पंचांच्या शिट्टीखाली सामना खेळला.

नियम मागे घेण्याचा दबाव मोठा होता. उपसमितीसमोर तीन मार्ग होते: नियम रद्द करणे, आहे तसा ठेवणे, किंवा तो सैल करून प्रत्येक मुलीला संपूर्ण स्पर्धेत मिळून ठराविक वेळ देणे. बराच वेळ चर्चा होऊन तिसरा मार्ग स्वीकारला गेला. आता एखाद्या चुरशीच्या सामन्यात राखीव मुलीला कमी वेळ मिळाला, तर पुढच्या सामन्यात तो भरून द्यावा लागतो आणि कोण किती मिनिटे खेळली याची नोंद एक पालक ठेवतो. ही नोंद दर महिन्याला ताई पाहतात. ज्या वडिलांनी मुलीला थांबवले होते त्यांच्या घरी ताई आणि उपसमितीतील एक सदस्या जाऊन आल्या. दीड महिन्याने ती मुलगी परत आली.

परिणाम

त्या पावसाळ्यातील शालेय स्पर्धेत ताईंची शाळा आणि दुसरी शाळा उपांत्य सामन्यात समोरासमोर आल्या आणि दुसरी शाळा जिंकली. सामना संपल्यावर दोन्ही संघांच्या मुली एकाच ठिकाणी डबे उघडून बसल्या, पण शाळेच्या कार्यालयात हा पराभव इतक्या सहजपणे घेतला गेला नाही. सरावासाठी ताईंना मिळणारी लवकर निघण्याची सवलत बंद झाली आणि संध्याकाळचा सराव अर्ध्या तासाने पुढे ढकलावा लागला. त्यामुळे अंधार लवकर पडणाऱ्या महिन्यांत लांब राहणाऱ्या दोन मुलींचे येणे थांबले.

दुसऱ्या वर्षी तिसऱ्या शाळेचा संघ उतरला. पहिल्या वर्षी मुकलेल्या त्या दोघींनी आपल्या वर्गातल्या आणि खालच्या इयत्तेतल्या मुलींना मैदानावर आणले होते. तो संघ पहिल्याच फेरीत हरला. संघटनेच्या निवड चाचणीतून अठरा जणींपैकी तिघी जिल्ह्याच्या संघात गेल्या, त्यांत उत्तम पासिंग करणारी ती मुलगी होती. स्पर्धा गटातल्या बहुतेक मुली दोन हंगामांनंतरही खेळत आहेत; ज्या थांबल्या त्यांतल्या निम्म्याहून अधिक नववीच्या शिकवण्या सुरू झाल्यावर थांबल्या.

काय वेगळे करता आले असते

सर्वांना संधी देण्याचा नियम योग्य होता, परंतु तो पालकांपर्यंत एका लांबलचक संदेशातल्या एका ओळीने पोचला होता. निवडीचा निर्णय सांगताना प्रत्येक कुटुंबाला वेगळे बसवले होते. त्याच बैठकीत हा नियम समजावून पालकांची सही घेतली असती, तर कोर्टाच्या कडेचा प्रसंग बहुधा टळला असता. नियमाला विरोध असलेल्या पालकाला त्याच वेळी नाही म्हणण्याची संधीही मिळाली असती, आणि ती त्याचा हक्क होती.

तिसऱ्या शाळेकडे ताई एकदाच गेल्या. शाळेचा नकार आल्यावर मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी त्या शाळेच्या संस्थाचालकांची भेट घ्यायला हवी होती. एका शाळेच्या क्रीडाशिक्षिकेने दुसऱ्या शाळेला संघ काढायला सांगणे आणि शहरातल्या जुन्या मंडळाने विनंती करणे यांत वजनाचा फरक पडतो. पुरेसे महिने हाताशी होते, आणि पाच-सहा नव्या मुली तयार करणे अशक्य नव्हते.

आपल्या शाळेशीही ताईंनी आधी बोलून घेणे हिताचे ठरले असते. प्रवेशाचा प्रस्ताव नाकारताना त्यांनी कारणे उपसमितीला सांगितली, मुख्याध्यापकांना केवळ निर्णय कळवला. शाळेला त्या बदल्यात काय देता येईल, उदाहरणार्थ शाळेच्या मैदानावर लहान मुलींसाठी सकाळचे सत्र, याचा विचार झाला असता तर लवकर निघण्याची सवलत कदाचित टिकली असती.

नववीतली गळती थोपवण्यासाठी उपसमितीने आता परीक्षांच्या काळात आठवड्याला एकच सराव आणि १७ वर्षांखालील गटासाठी सकाळी सहाची वेळ असा बदल केला आहे. सकाळचे सत्र सहायक प्रशिक्षक घेतात आणि नियमावलीनुसार तेथे दररोज एक आई उपस्थित असते. आयांची पाळी लावणे हे सध्या उपसमितीचे सर्वांत कष्टाचे काम आहे, आणि दुसरी स्त्री प्रशिक्षक मिळेपर्यंत ते करावेच लागणार आहे. त्यासाठी एका माजी विद्यापीठ खेळाडूला प्रशिक्षणाच्या अभ्यासक्रमाला पाठवण्याचा खर्च मंडळाने मंजूर केला आहे.